‘क्वॉलिफाय’ची नोंद: इंग्रजी–मराठी कोशाच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

क्यू अक्षरातला सर्वांत अवघड शब्दसमूह हाती घेतला आहे. क्वॉलिफाय हे क्रियापद, क्वॉलिफाइड हे विशेषण, क्वॉलिफिकेशन आणि क्वॉलिफायर ही नामे. शिवाय अनक्वॉलिफाइड, डिसक्वॉलिफाय, ओव्हरक्वॉलिफाइड. मराठी वाचकाला यातला एकच अर्थ ठाऊक असतो: पात्र ठरणे. एखाद्या विधानाला, हक्काला किंवा होकाराला मर्यादा घालणे हा दुसरा अर्थ शाळा-कॉलेजात फारसा भेटत नाही, आणि करारपत्रात किंवा ताळेबंदात भेटतो तेव्हा नेमका उलटा वाचला जातो. नोंद लिहायची ती या वाचकासाठी.

कामाची पद्धत ठरली ती अशी. प्रत्येक रूपासाठी स्प्रेडशीटचे वेगळे पान. रकाने सहा: मूळ ओळ, कर्ता, कर्म, पुढे येणारे शब्दयोगी, क्षेत्र, सुचणारा प्रतिशब्द. प्रतिशब्दाचा रकाना शेवटी भरायचा. तो आधी भरला की ‘पात्र’ हा शब्द डोक्यात बसतो आणि पुढच्या ओळी त्याच चष्म्यातून वाचल्या जातात. कर्माचा रकाना कधीही रिकामा ठेवायचा नाही. कर्म नसेल तर ‘अकर्मक’ असे लिहायचे.

उच्चार: क्वॉलिफाय, आघात पहिल्या अक्षरावर. क्वॉलिफिकेशनमध्ये मुख्य आघात ‘के’वर सरकतो. मराठी वर्तमानपत्रांत ‘क्वालिफाय’ असेही लिहितात, पण इंग्रजीत ‘व’नंतरचा हा स्वर बहुधा ऑकडे झुकतो (वॉश, वॉच, क्वॉलिटी), म्हणून कोशात ऑ ठेवला.

५ फेब्रुवारी २०२५

इतिहास तपासला. क्रियापद फ्रेंच ‘कालिफिए’ आणि मध्ययुगीन लॅटिन ‘क्वालिफिकारे’ यांच्याकडून इंग्रजीत आले. लॅटिनमधला अर्थ होता गुण जोडणे, अमुक प्रकारचे आहे असे ठरवणे. ‘लायक करणे’ हा अर्थ यातून निघाला आणि ‘आवळणे, सौम्य करणे’ हाही यातूनच.

महत्त्वाची बाब ‘क्वॉलिफिकेशन’ या नामात सापडते. आज त्याचा पहिला अर्थ पदवी किंवा पात्रता हा आहे, पण इंग्रजीत त्याचा मर्यादेचा अर्थ जुना: तो १६व्या शतकात दिसतो. नोकरीसाठी लागणारी पात्रता हा अर्थ १७व्या शतकात रुळला. म्हणजे मर्यादेचा अर्थ वकिलांनी नंतर चिकटवलेला नाही. नोंदीत त्याला ‘तांत्रिक’ म्हणून शेवटी टाकणे इतिहासाला धरून होणार नाही.

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त कॅसिओ सांगतो की आज रात्री आपण एकच पेला घेतला आणि तोही चतुराईने ‘क्वॉलिफाय’ केलेला होता, म्हणजे पाणी घालून सौम्य केलेला. ‘टू जेंटलमेन ऑफ व्हेरोना’त प्रेमाची आग विझवायची नसून तिचा अतिरेक ‘क्वॉलिफाय’ करायचा आहे, असे वाक्य आहे. दोन्हीकडे शक्ती कमी करणे हाच भाव. ही अर्थच्छटा आता वापरात नाही. नोंदीत तिला ‘जुना’ हे चिन्ह लागेल, पण ती काढायची नाही, कारण ‘विधान क्वॉलिफाय करणे’ म्हणजे काय ते तिच्यामुळे लगेच कळते. ठाम विधानाचा जोर उतरवायचा असतो.

जॉन्सनच्या १७५५च्या कोशात लायक करण्याचा अर्थ पहिला आणि कमी करण्याचा, मऊ करण्याचा अर्थ नंतर आहे. ऑक्सफर्डचा मोठा कोश अर्थ कालक्रमाने लावतो (त्यातला क्यू विभाग विल्यम क्रेगी यांच्या संपादनाखाली १९०२मध्ये आला). आमचा कोश रोजच्या वापराचा आहे, म्हणून क्रम वापराप्रमाणेच राहील, मात्र दोन्ही शाखांना समान दर्जाचा ठळक आकडा मिळेल.

१० फेब्रुवारी २०२५

व्युत्पत्तीची टीप. जागा तीन ओळींची, त्यामुळे प्रत्येक शब्द मोजून.

‘क्वालिफिकारे’चे दोन तुकडे: ‘क्वालिस’ म्हणजे कसा, कोणत्या प्रकारचा, आणि ‘फाकेरे’ म्हणजे करणे. लॅटिन ‘क्व’ आणि संस्कृत ‘क’ यांची जोडी ठरलेली आहे: क्विस आणि कः, क्विद आणि किम्. मराठीतले कोण, कसा, किती, कुठे हे सारे त्याच प्रश्नार्थक मुळाचे वंशज. ‘फाकेरे’चे मूळ संस्कृत धा (ठेवणे) या धातूच्या मुळाशी जुळते; शब्दारंभी संस्कृत ध आणि लॅटिन फ असा संबंध ‘धूम’ आणि ‘फूमुस’ यांतही दिसतो. तेव्हा क्वॉलिफायचा गाभा ‘कसा ते ठरवून ठेवणे’ असा सांगता येतो.

इथे एक इशारा टिपेतच हवा. हे शब्द संस्कृतातून लॅटिनमध्ये गेलेले नाहीत. दोन्ही भाषा एका जुन्या भाषेच्या शाखा आहेत, म्हणून साम्य आहे. ‘इंग्रजी शब्दाचे मूळ संस्कृत’ या प्रकारची विधाने मराठीत फार वेगाने फिरतात आणि कोशाचा हवाला देऊन फिरली तर नुकसान जास्त. म्हणून टिपेत ‘पासून’ हा शब्द टाळून ‘सजातीय’ हा शब्द घेतला.

‘क्वालितास’ (ज्यातून क्वॉलिटी आला) हे नाम सिसेरोने इसवी सनपूर्व ४५च्या सुमारास घडवले. प्लेटोने ग्रीकमध्ये ‘पोइओतेस’ असा शब्द वापरला होता. ‘पोइओस’ म्हणजे कसा. सिसेरोने त्याच साच्यात लॅटिन शब्द ओतला. परिभाषा घडवणाऱ्या प्रत्येकाला हे उदाहरण माहीत असावे असे वाटते, पण त्याची जागा क्वॉलिटीच्या नोंदीत आहे. तिकडे पाठवले.

१४ फेब्रुवारी २०२५

ओळींची चाळणी. दोन शाखा वेगळ्या करायला अर्थाचा अंदाज घ्यावा लागत नाही, वाक्याची बांधणी पुरते. वापरलेल्या कसोट्या:

अकर्मक क्रियापद असेल तर अर्थ नेहमी पात्रतेचा. ‘फॉर’ पुढे आले तर एखाद्या गोष्टीसाठी पात्र ठरणे; ‘अ‍ॅज’ पुढे आले तर त्यात मोडणे किंवा ती पदवी मिळवणे.

सकर्मक असेल तर कर्म पाहायचे. कर्म माणूस किंवा संघ असेल तर पात्र करणे. कर्म विधान, दावा, उत्तर, पाठिंबा, हक्क असे काही असेल तर मर्यादा घालणे. कर्म नाम, क्रियापद असा व्याकरणातला घटक असेल तर विशेषण लावणे.

कर्मणी प्रयोगात शब्दयोगी निर्णय देतो. क्वॉलिफाइड टू, फॉर, इन म्हणजे पात्र. क्वॉलिफाइड बाय याच्यामागे कलम, अट किंवा परिच्छेद असेल तर मर्यादित: ‘हा हक्क कलम ५मुळे मर्यादित आहे.’ इथली फसगत ही की ‘क्वॉलिफाइड बाय एक्स्पीरियन्स’ हेही चालते आणि त्याचा अर्थ अनुभवामुळे पात्र. म्हणून ‘बाय’ दिसले की कर्ता माणूस आहे की मजकूर, हे पुन्हा पाहायचे.

पात्रतेच्या शाखेतही ‘पात्र’ सगळीकडे बसत नाही. डॉक्टर म्हणून क्वॉलिफाय होणे म्हणजे मराठीत सरळ डॉक्टर होणे, डॉक्टरकीची पदवी घेणे. ‘डॉक्टर म्हणून पात्र ठरला’ असे कोणी बोलत नाही. वस्तू किंवा प्रकरण कर्ता असेल तर मराठीचे आपले क्रियापद तयार आहे: बसणे. अर्ज निकषात बसतो, यंत्र अनुदानाच्या नियमात बसते, उमेदवार वयोमर्यादेत बसतो. हे ‘बसणे’ इतके नेमके आहे की अकर्मक अर्थात त्याला दुसऱ्या क्रमांकाचा प्रतिशब्द केले.

१८ फेब्रुवारी २०२५

अनक्वॉलिफाइड. सर्वांत धोक्याचे रूप, कारण एका शाखेत ते दोष सांगते आणि दुसऱ्या शाखेत पूर्णता. अनक्वॉलिफाइड शिक्षक म्हणजे आवश्यक अर्हता नसलेला. अनक्वॉलिफाइड यश म्हणजे निर्विवाद यश, पाठिंबा म्हणजे बिनशर्त पाठिंबा, स्तुती म्हणजे मनापासूनची, आणि न्यायालयात मागितलेली अनक्वॉलिफाइड माफी म्हणजे बिनशर्त माफी. यंत्रानुवादात ‘अपात्र माफी’ असे आलेले दिसते. वाचणाऱ्याला वाटते की माफी नाकारली.

उलट बाजूचे शब्द मराठीत छान मिळतात. क्वॉलिफाइड पाठिंबा: सशर्त पाठिंबा. क्वॉलिफाइड स्तुती: हातचे राखून केलेली स्तुती. क्वॉलिफाइड होकार: ‘हो, पण’च्या सुरातला होकार. क्रियापदासाठी विधानाला मुरड घालणे, पुस्ती जोडणे, अट घालणे. ‘मुरड घालणे’ला पहिली पसंती दिली, कारण त्यात विधान मागे घेतले जात नाही, फक्त वळवले जाते, क्वॉलिफायचेही तसेच आहे.

डिसक्वॉलिफाय, ओव्हरक्वॉलिफाइड आणि रिक्वॉलिफाय ही रूपे फक्त पात्रतेच्या शाखेतली. विधान डिसक्वॉलिफाय करता येत नाही. या तिघांच्या नोंदी प्रत्येकी चार ओळींत संपतात. डिसक्वॉलिफायला ‘अपात्र ठरवणे’. १९८५च्या ५२व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीमुळे (पक्षांतरबंदी) ‘आमदार अपात्रता’ हा प्रयोग वर्तमानपत्रांत पक्का झाला आहे, तोच उदाहरण म्हणून.

२४ फेब्रुवारी २०२५

कायदा आणि लेखापरीक्षण. सर्वांत जास्त वेळ द्यायचा भाग, कारण इथे चुकीचा प्रतिशब्द पैशाला लागतो.

भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७: प्रस्तावाचे वचन व्हायचे तर स्वीकृती पूर्ण आणि ‘अनक्वॉलिफाइड’ असली पाहिजे. म्हणजे ‘स्वीकारतो, पण भाव १० रुपये कमी करा’ ही स्वीकृती नव्हे, तो नवा प्रस्ताव झाला. परक्राम्य संलेख अधिनियम (हुंडी, धनादेश यांचा कायदा), १८८१, कलम ८६ मध्ये हुंडीची स्वीकृती केव्हा क्वॉलिफाइड होते ते मोजून सांगितले आहे: ती सशर्त असेल, रकमेच्या काही भागापुरती असेल, विशिष्ट जागीच पैसे देईन अशी असेल किंवा मुदत बदलणारी असेल. धारकाने अशी स्वीकृती घेतली तर ज्या आधीच्या पक्षांची संमती नव्हती ते त्याच्यापुरते मोकळे होतात. या कलमातला पहिलाच प्रकार अटीचा आणि दुसरा रकमेचा आहे, तेव्हा ‘सशर्त’ हा एकच प्रतिशब्द देऊन भागत नाही. इथे ‘मर्यादित (स्वीकृती)’ असा व्यापक शब्द घेऊन पुढे चारही प्रकार एका ओळीत दिले.

लेखापरीक्षकाचे ‘क्वॉलिफाइड ओपिनियन’. लेखापरीक्षण मानक ७०५ नुसार बदललेले अभिप्राय तीन: क्वॉलिफाइड, प्रतिकूल, आणि अभिप्राय देण्यास नकार. चूक किंवा पुराव्याची उणीव महत्त्वाची आहे पण सर्व हिशेबभर पसरलेली नाही, तेव्हा पहिला. चूक महत्त्वाचीही आणि पसरलेलीही, तेव्हा प्रतिकूल. पुरावाच पुरेसा मिळाला नाही आणि त्याचा संभाव्य परिणाम सर्वत्र पसरू शकतो, तेव्हा नकार. क्वॉलिफाइड अभिप्रायाचे ठरलेले वाक्य ‘अमुक बाब वगळता हिशेब खरे व वाजवी चित्र देतात’ असे असते.

‘वगळता’ हीच किल्ली. सनदी लेखापाल बोलताना क्वॉलिफाइड रिपोर्ट आणि क्लीन रिपोर्ट म्हणतात, ते शब्द नोंदीत ‘व्यवसायात’ या खुणेसह दिले. पण भागधारकाला मराठीत वाचायचे असेल तर? ‘पात्र अभिप्राय’ वाचून त्याला वाटेल की कंपनी उत्तीर्ण झाली. ‘निरपवाद’ हा शब्द मराठीत सर्वांना कळतो. त्याचा जोडीदार ‘सापवाद’ संस्कृतात आहेच, मराठीत थोडा मागे पडला इतकेच. म्हणून क्वॉलिफाइड ओपिनियन म्हणजे सापवाद अभिप्राय, अनक्वॉलिफाइड म्हणजे निरपवाद अभिप्राय. जोडी समोरासमोर ठेवली की दोन्ही शब्द स्वतःचा अर्थ सांगतात.

नाम क्वॉलिफिकेशन इथे वेगळे. कंपनी कायदा, २०१३, कलम १३४ संचालक मंडळाला लेखापरीक्षकाच्या प्रत्येक क्वॉलिफिकेशनवर, आक्षेपावर किंवा प्रतिकूल शेऱ्यावर खुलासा द्यायला सांगते. त्याचे भाषांतर ‘लेखापरीक्षकाची पात्रता’ असे केले तर संचालक लेखापरीक्षकाच्या पदवीचा खुलासा करताहेत असा अर्थ होईल. इथे ‘अपवादाचा शेरा’.

युरोपीय संघाचे क्वॉलिफाइड मेजॉरिटी: किमान ५५ टक्के सदस्यराष्ट्रे (२७ पैकी १५) आणि त्यांत संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या. मराठी ‘विशेष बहुमत’. पण आपल्या घटनेच्या अनुच्छेद ३६८ मधल्या बहुमतालाही हाच शब्द चालतो, तिथले गणित निराळे (एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश). म्हणून क्षेत्रनिर्देश ‘युरोपीय संघ’ सक्तीचा.

३ मार्च २०२५

तत्त्वज्ञान. रामानुजाचार्यांच्या विशिष्टाद्वैताला इंग्रजीत ‘क्वॉलिफाइड नॉन-ड्युॲलिझम’ म्हणतात. हा शब्दप्रयोग इंग्रजीतून परत मराठीत आणताना ‘मर्यादित अद्वैत’ किंवा ‘अंशतः अद्वैत’ होतो आणि सिद्धान्तच बिघडतो. रामानुजांचे म्हणणे अद्वैत थोडे कमी आहे असे नाही. चित् (चेतन जीव) आणि अचित् (जड जग) ही ज्याची विशेषणे आहेत त्या विशिष्ट ब्रह्माचे अद्वैत, असा समासाचा अर्थ. इथे क्वॉलिफाइड म्हणजे विशेषणयुक्त, लॅटिनमधल्या जुन्या अर्थाच्या अगदी जवळ. नोंदीत प्रतिशब्द एकच, ‘विशिष्ट’, आणि ‘मर्यादित नव्हे’ ही सूचना.

अद्वैत वेदान्तात आणखी एक शब्द भेटतो: उपाधी. मठ किंवा घट या उपाधीमुळे एकच आकाश मठाकाश, घटाकाश असे वेगळे भासते. आवळून दाखवणारी ती उपाधी. सोपाधिक आणि निरुपाधिक ही जोडी इंग्रजी ग्रंथांत क्वॉलिफाइड आणि अनक्वॉलिफाइड अशी येते. आणि उपाधी हाच शब्द पुढे पदवी, किताब या अर्थानेही रुळला. हिंदीत विद्यापीठाची पदवी म्हणजे उपाधि. शब्दाची फोड उप, आ आणि धा. क्वॉलिफायच्या शेपटीत असलेल्या ‘फाकेरे’चा हा धा सजातीय, आणि उपाधीलाही इंग्रजी शब्दासारख्याच दोन फांद्या फुटल्या: एक मर्यादेची, एक पदवीची. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता केलेला हा प्रवास या कामातला सर्वांत समाधान देणारा भाग आहे.

तरीही ‘सोपाधिक’ सर्वसाधारण प्रतिशब्द म्हणून घेता येत नाही. मराठी घरात ‘नसती उपाधी’ म्हणजे विनाकारण मागे लागलेली कटकट. ‘सोपाधिक पाठिंबा’ वाचून कटकटीचा पाठिंबा असे वाटायला नको. क्षेत्रनिर्देश ‘तत्त्वज्ञान’, आणि तेवढ्यापुरताच.

७ मार्च २०२५

व्याकरण. इथे मराठी वाचकाच्या हाती उत्तर आधीपासून आहे. शाळेतली व्याख्या: नामाबद्दल विशेष माहिती सांगून नामाची व्याप्ती मर्यादित करणारा शब्द म्हणजे विशेषण. गुण सांगणे आणि मर्यादा घालणे ही एकच क्रिया आहे हे या एका वाक्यात आले. ‘फूल’ म्हटले की सगळी फुले, ‘पांढरे फूल’ म्हटले की थोडी. न्यायशास्त्र विशेषणाला व्यावर्तक म्हणते, म्हणजे इतरांपासून वेगळे काढणारे. नोंदीच्या दुसऱ्या शाखेची सुरुवात याच उदाहरणाने करायची ठरली; करारातला अर्थ त्यानंतर आपोआप उलगडतो.

११ मार्च २०२५

परीक्षा, नोकरी, खेळ. पात्रतेची शाखा, त्यामुळे लवकर आटोपले.

‘क्वॉलिफाइंग पेपर’ला महाराष्ट्रात ‘अर्हताकारी’ हा शब्द रूढ आहे. अर्थ नेमका द्यायला हवा: किमान गुण मिळवायचे, पण ते गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर २०१५पासून असा आहे. २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण. मुख्य परीक्षेतले भारतीय भाषा आणि इंग्रजी हे ३०० गुणांचे पेपरही अर्हताकारी, तिथे २५ टक्के. ‘पात्रता परीक्षा’ असे भाषांतर केले तर हा ‘गुण धरले जात नाहीत’चा अर्थ गळतो.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधली ‘अर्हताकारी सेवा’ म्हणजे पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा. बोलण्यात ‘धरलेली सेवा’ असेच म्हणतात, तेही दिले.

अर्हता, अर्ह, अर्हत हे एकाच कुळातले. योग्य असणे हा धातूचा अर्थ. अर्हता जाहिरातीत, पात्रता बोलण्यात, असा फरक उदाहरणांतून दाखवला. खेळात पात्रता फेरी. आयपीएलच्या ‘क्वॉलिफायर १’साठी मात्र भाषांतर करायचे नाही: तिथे हरणारा संघ बाद होत नाही, तो क्वॉलिफायर २ खेळतो, आणि ‘पात्रता सामना’ म्हटले की हरला तो गेला असे वाटते. विशेषनामासारखे जसेच्या तसे.

१७ मार्च २०२५

छपाईसाठी गेलेला मजकूर:

क्वॉलिफाय, क्रि. १ (अक.) पात्र ठरणे, (निकषात, नियमात) बसणे, (‘अ‍ॅज’सह) -मध्ये मोडणे, (व्यवसायाची) पदवी घेणे. २ (सक., माणूस) पात्र करणे, लायक ठरवणे. ३ (सक., व्याक.) विशेषण लावणे, व्याप्ती मर्यादित करणे. ४ (सक., विधान, हक्क, संमती) मुरड घालणे, पुस्ती जोडणे, अट घालणे. ५ (जुना) सौम्य करणे. (मद्यात) पाणी घालणे.

क्वॉलिफाइड, वि. १ पात्र, अर्हताप्राप्त. २ सशर्त, मर्यादित. हातचे राखून केलेला. ३ (लेखापरीक्षण) सापवाद. ४ (तत्त्व.) विशिष्ट, सोपाधिक. विरुद्ध शब्द दोन वेगळे: १ चा अर्हता नसलेला, २ चा बिनशर्त, निर्विवाद.

विरुद्ध शब्दांची ओळ प्रत्येक अर्थाच्या आकड्याशी बांधली आहे. ही ओळ नोंदीच्या शेवटी मोकळी सोडली तर अनक्वॉलिफाइडचा गोंधळ परत येतो.

२१ मार्च २०२५

मुद्रितशोधन. तपासायच्या जागा: ‘सापवाद’मधला काना (‘सपवाद’ असे जुळवले जाते), ‘अर्ह’मधला रफार काही फॉन्टमध्ये पुढच्या अक्षरावर सरकतो, तो छापील प्रतीवर पाहायचा, पडद्यावर नाही, ‘अ‍ॅ’ आणि ‘ऍ’ यांपैकी कोशभर एकच, कंसातले क्षेत्रनिर्देश तिरप्या अक्षरात. क्रियापदाच्या अर्थ ३ वरून ‘मॉडिफाय’कडे आणि अर्थ ४ वरून ‘लिमिट’, ‘रिझर्व्हेशन’ यांच्याकडे दिलेल्या खुणा तिकडूनही परत जोडायच्या. ‘रिझर्व्हेशन’ची नोंद अजून जुन्याच मसुद्यात आहे, तिथे ‘आरक्षण’ एवढेच दिले असून ‘मनात ठेवलेली शंका, हातचे राखणे’ हा अर्थ गहाळ आहे. क्वॉलिफायचे पान बंद करण्यापूर्वी ती नोंद पूर्ण व्हायला हवी.